आपला वाडा हेरिटेज यादीत घालायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आर्किटेक्ट नाही आणि वकीलही नाही. जुन्या वास्तूंचे प्रस्ताव बनवायला हौसेने मदत करतो, त्यात बऱ्याचदा तोंडावर आपटलोय आणि त्यातूनच थोडंफार कळायला लागलंय. व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. बहुतेक उदाहरणं पुण्या-मुंबईची आहेत कारण तिथलंच मला नीट माहितीये.

"यादीत घालायचंय" म्हणजे नक्की कुठल्या यादीत?

पहिल्यांदा हेच ठरवा, कारण निम्मे लोक चुकीच्या ऑफिसात जाऊन सहा महिने घालवतात. कायद्याने अर्थ असलेल्या याद्या तीन. एक केंद्राची, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, ज्याला आपण एएसआय म्हणतो, त्यांचा कायदा १९५८ चा आणि त्यात वास्तू "राष्ट्रीय महत्त्वाची" ठरावी लागते. शनिवारवाडा त्यातला. दुसरी राज्याची, राज्य पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची, कायदा १९६० चा, याला "राज्य संरक्षित स्मारक" म्हणतात, राजगड आणि साल्हेर यात येतात. तिसरी महापालिकेची हेरिटेज यादी आणि तुमचा वाडा, चाळ, बंगला, गिरणीची चिमणी, जुनी लायब्ररी असलं काही असेल तर ९० टक्के वेळा हीच यादी तुमच्या कामाची आहे, कारण बाकीच्या दोन्ही मुख्यतः किल्ले, लेणी, देवळं, समाध्या यांच्यासाठी वापरल्या जातात आणि त्यात माणसं राहत असलेलं घर घालणं मालकालाही झेपत नाही आणि खात्यालाही.

चौथी युनेस्कोची, त्याचं खाली लिहिलंय. आणि इंटॅकच्या याद्या असतात. इंटॅक ही १९८४ साली सुरू झालेली, वारसा जपायला मदत करणारी संस्था, त्यांचं डॉक्युमेंटेशन फार उपयोगी पडतं पण त्यांच्या यादीत नाव आहे म्हणून पाडकाम थांबत नाही, हे लक्षात ठेवा. लोक ती यादी दाखवून भांडायला जातात आणि हात हलवत परत येतात.

आमचं घर १०० वर्षं जुनं आहे म्हणजे हेरिटेज झालंच ना?

नाही हो. केंद्राच्या कायद्यात १०० वर्षांची अट आहे ती "किमान एवढं तरी असावं" अशी आहे, एवढं झालं की आपोआप मिळतं असं नाही. आणि महापालिकेच्या यादीत तर वयाला तितकं महत्त्वच नाही. मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या आर्ट डेको इमारती १९३० ते ५० च्या दरम्यानच्या, आपल्या आजीच्या वयाच्या, आणि त्या २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या, समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींच्या जोडीने. उलट पेठांमध्ये दीडशे वर्षांची किती घरं आहेत ज्यांच्याबद्दल "जुनं आहे" यापलीकडे कुणालाच काही सांगता येत नाही.

प्रस्ताव वाचणारा माणूस मनात दोनच प्रश्न विचारत असतो. हे का महत्त्वाचं? आणि कशावरून? तुमच्या फाईलमधलं प्रत्येक पान या दोनातल्या एकाचं तरी उत्तर असलं पाहिजे, नसेल तर ते पान काढून टाका.

मग "महत्त्वाचं" ठरवतात कशावर?

मुंबईचे हेरिटेज नियम १९९५ चे, देशात शहरापुरते असे नियम करण्यात मुंबई पहिली. त्या यादीत प्रत्येक नावापुढे अक्षरं असतात, ती म्हणजेच निकष. वास्तुरचना, इतिहास, संस्कृती हे झाले नेहमीचे. पण त्यापुढे जे आहेत ते लोक वाचतच नाहीत: त्या काळाची किंवा शैलीची खूण, एकमेव असा वापर, सामाजिक-आर्थिक इतिहासाशी नातं, प्रसिद्ध व्यक्ती किंवा घटनेशी संबंध, एका समूहाचा भाग असणं, तंत्रज्ञानाच्या वाटचालीतला टप्पा. आणि माझा आवडता निकष असा की ही वास्तू गेली तर बांधकामाच्या परंपरेच्या साखळीतली एक कडी तुटेल.

म्हणजे नक्षीकाम नाही म्हणून हिरमुसायचं कारण नाही. गिरगावातली केशवजी नाईकांची चाळ घ्या, दिसायला ती चाळच, पण १८९३ पासूनचा सार्वजनिक गणपती तिथला. बुधवार पेठेतला भिडे वाडा दिसायला साधाच होता पण १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा तिथे सुरू केली, आणि इमारतीचा प्रश्न इतकी वर्षं रखडला की शेवटी ती २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडावीच लागली. जागा राहिली, भिंती गेल्या. संबंध कितीही मोठा असला तरी मूळ बांधकाम किती शिल्लक आहे तेही लिहावंच लागतं, हे मी यातून शिकलो.

ते महत्त्व लिहायचं कसं? आम्ही चार पानं लिहिलीत, "वैभवशाली परंपरा" वगैरे.

ती चार पानं बाजूला ठेवा. खरंच. फाईलमध्ये सगळ्यात मोलाचं असतं ते एक पान, ज्याला महत्त्वाचं निवेदन म्हणू. तिथे विशेषणं नकोत, नामं हवीत.

"हा वाडा पेशवेकालीन असून अतिशय भव्य आहे व पूर्वजांच्या पराक्रमाची साक्ष देतो" यातून प्रस्ताव तपासणाऱ्या हेरिटेज समितीला काहीही कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: "दोन चौकी वाडा, पहिला चौक मूळ, दुसरा १९६१ च्या पुरानंतर पाडून तिथे आरसीसी. पहिल्या चौकातले बारा सुरूदार खांब, त्यावरचे कोरीव हस्त, महिरपी आणि कडीपाट जागेवर. दिंडी दरवाजा मूळ. दर्शनी भिंतीच्या पातळ विटा उघड्या, वरच्या मजल्याला नंतर सिमेंट गिलावा. या आळीत असे सात वाडे होते, आज दोन." बघा, एकाही ठिकाणी भव्य म्हटलेलं नाही पण वाचणाऱ्याला वाडा दिसला. आणि जे गेलंय ते आपण होऊन सांगितलं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण पाहणीला माणसं येतातच आणि लपवलेला आरसीसी स्लॅब त्यांना पहिल्या मिनिटाला दिसतो, मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही.

दुसरी चूक म्हणजे घराण्याचा इतिहास. मूळ पुरुष कुठून आले, कोणाला इनाम मिळालं, कोणत्या लढाईत कोण पडलं, दहा पानं. घराण्याचा इतिहास आणि वास्तूचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "याच माडीवर अमुक साली अमुक घडलं" असं जोडता येत असेल तेवढंच ठेवा, बाकी कुलवृत्तांतात छापा.

आणि शब्द आपलेच वापरा. ओसरी, पडवी, सोपा, देवडी, माजघर, बळद, माळवद, गणेशपट्टी. लोक उगीच इंग्रजी पुस्तकी शब्द घालतात. समितीतल्यांना सोपा म्हणजे काय ते कळतं आणि नाही कळलं तर त्यांनी विचारावं.

बांधल्याचं वर्ष कुणालाच माहीत नाहीये. आजोबा म्हणायचे "पेशव्यांच्या वेळचा".

सगळ्यांचेच आजोबा तसं म्हणायचे :) आमचेसुद्धा, आणि मग छपरावर चढलो तर कौलांवर मंगळूरच्या कारखान्याचा छाप. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली काढला, म्हणजे ती कौलं पेशव्यांच्या वेळची असूच शकत नाहीत. आता कौलं नंतर बदलली असू शकतात, त्यामुळे घर तेवढंच जुनं असं लगेच ठरत नाही, पण "छप्पर १८६५ नंतरचं" एवढं तर पुराव्याने लिहिता आलं ना.

घरच तुम्हाला पुष्कळ सांगतं. विटांची जाडी मोजा, जुन्या विटा पातळ आणि रुंद, इंग्रजी मापाच्या जाड. सांध्यात चुना आहे का सिमेंट ते बघा. लोखंडी तुळई असेल तर तिच्या अंगावर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं, अंधारात टॉर्च तिरका धरून बघा. जिन्याचा बिडाचा कठडा, रंगीत काचा, चिनी मातीच्या परदेशी फरश्या, प्रत्येकाच्या पाठीमागे छाप सापडू शकतो. एका जागी खांब लाकडी आणि शेजारी बिडाचे असतील तर तिथे कधीतरी घर वाढवलंय. हे सगळं फोटोसकट फाईलला लावायचं.

कागदांमध्ये पहिल्यांदा प्रॉपर्टी कार्ड, मग महापालिकेच्या घरपट्टीची जुनी रजिस्टरं. मुंबईत उपकरप्राप्त इमारत (म्हणजे सेस नावाचा दुरुस्तीचा कर लागणारी जुनी इमारत) असेल तर सेसची कॅटेगरी बघा, ए म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधीची, एवढं तरी एका ओळीत सिद्ध होतं. मुंबईच्या जुन्या भागासाठी १८७२ चा लॉटनचा सर्व्हे नकाशा आहे, त्यात इमारतीचा ठसा दिसला की काम सोपं. जिल्ह्याची जुनी गॅझेटियरं बघाच, पुण्याचं १८८५ चं आहे, त्यात पेठनिहाय वाड्यांची नावं सापडतात. मग पुणे अभिलेखागार, भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबईला राज्य अभिलेखागार, कोल्हापूरचं दप्तर.

काहीच नक्की नाही मिळालं तर "अंदाजे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, आधार: अमुक अमुक" असं लिहा. चालतं. खोटं ठाम वर्ष लिहिण्यापेक्षा खरा अंदाज कधीही बरा, पण आधार लिहाच.

माळ्यावर मोडी कागदांचं गाठोडं आहे, ते लावायचं का?

आधी वाचून घ्या. मोडी वाचणारे भेटतात, मंडळात किंवा अभिलेखागाराच्या आसपास चौकशी करा, मोडीचे वर्गही चालतात. एकाने असंच अख्खं गाठोडं स्कॅन करून प्रस्तावाला जोडलं होतं, नंतर कळलं त्यात बरीचशी सावकारी हिशेबाची आणि भावाभावांच्या तंट्याची कागदं, आणि त्या तंट्यात घराच्या वाटणीचा नकाशा होता जो सगळ्यात कामाचा होता आणि तो कुणी बघितलाच नव्हता. म्हणून जो कागद वास्तूबद्दल बोलतो तेवढाच, त्याचं देवनागरी लिप्यंतर आणि दोन ओळींचा सारांश. मूळ कागद देऊ नका, कुठल्याही ऑफिसला, कधीच. फक्त प्रत.

कागदपत्रं कुठली लागतात?

शहरात प्रॉपर्टी कार्ड म्हणजे मिळकत पत्रिका, सिटी सर्व्हेचा मोजणी नकाशा, घरपट्टीची पावती. गावात सातबारा किंवा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. राज्य संरक्षित स्मारकाचा प्रस्ताव असेल तर गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा बिनचूक पाहिजेत कारण राजपत्रात अधिसूचना निघते तिच्यात हे सगळं छापलं जातं, पूर्वेला काय पश्चिमेला काय सकट.

इथेच आमची पहिली फाईल आपटली. पेठेतला घर नंबर वेगळा, सिटी सर्व्हे नंबर वेगळा, आणि मध्ये एकदा पोटहिस्से पडून नंबर बदललेले, आम्ही जुना नंबर सगळीकडे लिहिला आणि पाहणीला आलेली माणसं शेजारच्या बिल्डिंगसमोर उभी. ती बिल्डिंग १९८७ ची होती. हसू नका. त्यानंतर दीड वर्ष ती फाईल कुठे होती ते देवालाच माहीत. त्यामुळे पहिल्या पानावर लोकेशन मॅप, त्यावर वास्तूची हद्द लाल रेषेने, शेजारी दोन ओळखीच्या खुणा आणि सगळे नंबर, जुने नवे दोन्ही.

हद्दीचं अजून एक. मुंबईच्या नियमात असं आहे की इमारत यादीत गेली की वेगळं काही म्हटलेलं नसेल तर तिचं अख्खं कंपाउंड, आतली आउटहाउस, विहीर, कारंजं, फाटक सगळंच यादीत गेलं असं धरतात. म्हणून नेमकं काय आत आणि काय बाहेर ते विचार करून लिहा, नंतर मागच्या गॅरेजवरून भांडणं होतात.

फोटो मोबाईलने काढले तर चालतात का?

चालतात. फोन महाग का स्वस्त याने काही बिघडत नाही, फोटो कशाचा आहे ते महत्त्वाचं. चारही बाजू समोरून सरळ, रस्त्यावरून आजूबाजूच्या घरांसकट, मग आत, मग बारकावे. बारकाव्याच्या फोटोत शेजारी पट्टी धरा म्हणजे माप कळतं. पडलेली भिंत, वाळवी लागलेली तुळई, ओल, यांचेही फोटो पाहिजेत. फिल्टर नको. दिवाळीत पणत्या लावून काढलेला फोटो सुंदर असतो पण त्यात खांबाचा पाया दिसत नाही. प्रत्येक फोटोला नंबर, तारीख आणि प्लॅनवर बाण, कुठे उभं राहून कुठल्या दिशेला काढलाय.

मोजमापाचे नकाशे मात्र जाणकाराकडूनच. प्रत्येक मजल्याचा प्लॅन, निदान दोन सेक्शन, दर्शनी बाजू. मूळ भाग, नंतरची भर आणि पाडलेला भाग तीन वेगळ्या रंगांत दाखवले तर समितीतले लोक तुम्हाला मनातल्या मनात आशीर्वाद देतात.

मालकाची परवानगी लागते का? आम्ही आठ हिस्सेदार आहोत आणि दोन अमेरिकेत.

कायद्याने पाहिलं तर महापालिकेची यादी मालकाच्या संमतीवर अवलंबून नाही. मुंबईच्या नियमात यादीत भर घालायची असेल तर पालिका आयुक्त किंवा हेरिटेज समिती शासनाकडे प्रस्ताव पाठवते किंवा शासन स्वतः होऊन करतं, आणि त्याआधी लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. तिसरा कुणीही, अगदी समोरच्या घरातला माणूससुद्धा, सुचवू शकतो. केंद्राच्या कायद्यात दोन महिन्यांची नोटीस निघते, तिची प्रत वास्तूजवळ लावतात आणि त्या मुदतीत हरकत घेता येते. राज्याच्या बाबतीत आधी प्राथमिक अधिसूचना आणि नंतर अंतिम.

पण खरं सांगू का, मालकाला अंधारात ठेवून केलेला प्रस्ताव म्हणजे भांडणाला आमंत्रण. पाहणीला दार कोण उघडणार? प्लॅन कोण काढू देणार? आणि भाऊबंदकीत एकाने प्रस्ताव केला की बाकीच्यांना वाटतं ह्याने आपला हिस्सा अडकवला. सगळ्यांना एकदा बसवा, अमेरिकेतल्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या (त्यांना बहुधा वाडा राहावा असं वाटतं, कारण त्यांना तिथे पावसाळ्यात राहायचं नसतं) आणि खालचे दोन प्रश्न त्यांना वाचून दाखवा. भाडेकरू असतील तर त्यांनाही बोलवा, पन्नास वर्षं राहिलेल्या भाडेकरूला घराबद्दल मालकापेक्षा जास्त माहिती असते.

यादीत गेलं की सरकार घर ताब्यात घेतं का? खिळा ठोकायलाही परवानगी?

ही भीती सगळ्यात जास्त. महापालिकेच्या यादीत गेल्याने मालकी बदलत नाही. घर तुमचं, विकता येतं, भाड्याने देता येतं, राहता तर येतंच. बंधन किती ते ग्रेडवर. मुंबईत ग्रेड एक म्हणजे सीएसएमटीसारख्या वास्तू, तिथे आतबाहेर हात लावायचा तो मजबुतीसाठी अगदी गरज असेल तरच. दोन-अ मध्ये आतले बदल आणि नव्या वापरासाठी फेरफार साधारणपणे चालतात पण तपासून. दोन-ब मध्ये त्याच प्लॉटवर शोभेल अशी जोड इमारतही काही वेळा मिळते. ग्रेड तीन ही रस्त्याच्या, परिसराच्या रूपाला हातभार लावणारी, तिथे बरीच मोकळीक. पुण्यात ग्रेड एक, दोन, तीन अशा आहेत.

म्हणून प्रस्तावात ग्रेड सुचवताना हावरटपणा नको. सगळ्यांना आपला वाडा ग्रेड एक वाटतो! ग्रेड एक मिळाला आणि मग बाथरूम कुठे काढायचं यावर रडायचं. जे खरंच जपायचंय तेवढ्याला पुरेल अशी ग्रेड मागा आणि का ते लिहा.

मग रिडेव्हलपमेंट विसरायचं का?

सरळ पाडून टॉवर, हे विसरायचं, हो. त्याबदल्यात न वापरता आलेल्या चटईक्षेत्रासाठी हेरिटेज टीडीआरची सोय नियमांत आहे, म्हणजे तो हक्क दुसरीकडे विकता येतो. कागदावर छान वाटतं, प्रत्यक्षात बाजारभाव, अटी, वेळ सगळं बघावं लागतं, त्यामुळे सही करायच्या आधी टीडीआर समजणाऱ्या माणसाशी बोला.

लोकांचा राग मला कळतो. २०१२ साली मुंबईत ९०० हून जास्त नवीन नावांची यादी हरकतींसाठी जाहीर झाली तेव्हा दादर-शिवाजी पार्क भागात केवढा गहजब झाला होता, कारण तिथल्या तीन मजली इमारतीत लिफ्ट नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुनर्विकास हवा होता आणि कुणीतरी बाहेरून येऊन तुमचं घर सुंदर आहे म्हणून सांगत होतं. त्यांचं काय चुकलं? प्रस्तावात राहणाऱ्यांच्या सोयीचं काय, हे एक पान घाला. लिफ्ट कुठे बसेल, संडास कुठे, वायरिंग कसं. कुणी घालत नाही, म्हणूनच घाला.

दुरुस्तीला सरकार पैसे देतं का?

थोडक्यात, धरून चालू नका. नियमात देखभालीची जबाबदारी मालकाची आणि राहणाऱ्यांची. राज्य संरक्षित स्मारकांसाठी "महाराष्ट्र वैभव" नावाची संगोपन योजना आहे ज्यात संस्था किंवा व्यक्ती स्मारक सांभाळायला घेऊ शकतात, पण ती तुमच्या राहत्या घरासाठी नाही.

यादीत नाव आलं म्हणून भिंत उभी राहत नाही. काळा घोड्याजवळची वॉटसन्स हॉटेलची इमारत, म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, १८६० च्या दशकात इंग्लंडहून लोखंडी सांगाडा आणून बांधलेली, ग्रेड दोन-अ, जगभरात नाव, २००५ साली तिचा भाग कोसळून माणूस दगावला आणि २०१९ मध्ये राहणाऱ्यांना बाहेर काढायची वेळ आली. त्यामुळे प्रस्तावाबरोबर निदान तातडीच्या कामांची यादी करा. छप्पर आधी, मग पन्हळी, मग बाकी. पाणी थांबलं की अर्धा वाडा वाचला.

त्यापेक्षा थेट केंद्र संरक्षित करून घेतलं तर? एकदम पक्कं काम.

शेजाऱ्यांना विचारलंत का? २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच. शनिवारवाड्याच्या भोवती ज्यांची जुनी घरं आहेत त्यांना विचारा, किती वर्षं अडकलेत. दाट वस्तीतल्या एका वाड्यासाठी ३०० मीटरच्या वर्तुळातली सगळी आळी तुमच्यावर उठेल.

आमच्या गावात महापालिकाच नाही. देऊळ आहे, बारव (पायऱ्यांची विहीर) आहे, माळावर कातळशिल्पं (खडकात कोरलेली चित्रं) आहेत.

मग राज्य पुरातत्त्वच्या विभागीय सहायक संचालकांकडे अर्ज. पुणे, नाशिक, रत्नागिरी, नागपूर अशी विभागीय ऑफिसं आहेत. ग्रामसभेचा ठराव जोडा, त्याने फाईलला वजन येतं. बारवेचा प्रस्ताव असेल तर गाळ काढायच्या आधीचे फोटो आणि मोजमाप पाहिजेच, उत्साहात श्रमदान करून सगळं साफ केलं आणि शिलालेखाचा तुकडा ट्रॉलीतून गेला असं होऊ देऊ नका.

देवळाचं जरा अवघड. ऑइलपेंट, ग्रॅनाइट, स्टीलचे कठडे हे भक्तीनेच केलेलं असतं, त्यामुळे ट्रस्टींना दटावून काही होत नाही. रंगाखालचा दगड एका कोपऱ्यात साफ करून दाखवला की बऱ्याचदा तेच म्हणतात अरे हे किती छान आहे. पण तो कोपराही जाणकाराकडूनच, सँडब्लास्टिंग म्हणजे वाळूचा मारा नको, दगडाची साल निघते.

कातळशिल्पांबद्दल, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातली काही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. ती बहुतेक सड्यावर (कोकणातल्या खडकाळ पठारावर), खासगी सातबाऱ्याच्या जमिनीत. आधी जमीनमालकाशी बोला, मग जीपीएस, मग ड्रोन. नेमकं लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका, संरक्षण मिळायच्या आधी गर्दी पोचते.

थेट युनेस्कोला पाठवता येतं का?

नाही. नामांकन देशाचं सरकारच करतं, आधी संभाव्य यादीत निदान एक वर्ष असावं लागतं आणि मग जाडजूड डोसियर. आपल्या मराठा लष्करी स्थापत्याचं बघा, २०२१ मध्ये संभाव्य यादी, जुलै २०२५ मध्ये नोंद. बारा किल्ले, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्यातले आठ केंद्र संरक्षित आणि चार राज्य संरक्षित, म्हणजे पहिल्यापासून कायद्याचं संरक्षण होतं म्हणून पुढचं जमलं. आपल्याला त्यातून घेण्यासारखं एवढंच की त्यांनी "आमचे किल्ले महान" असं लिहून भागवलं नाही, डोंगरी, समुद्री, बेटावरचे असे प्रकार दाखवून हे सगळं मिळून एकच व्यवस्था कशी होती ते मांडलं. तुमच्या आळीतले चार वाडे मिळून एक समूह म्हणून प्रस्ताव करता येतो का, याचा विचार तिथूनच सुचू शकतो.

किती वेळ लागतो?

वर्षांत मोजा. तुमची तयारी सहा महिने ते वर्ष, त्यापुढे समिती, पाहणी, हरकती, सुनावणी, शासन. मध्ये समितीची मुदत संपते आणि नवीन नेमेपर्यंत सगळं थांबतं. निवडणूक आली की परत थांबतं.

प्रस्ताव पडून आहे आणि मालकाने पाडायला काढलंय, काय करू?

नुसता प्रस्ताव म्हणजे संरक्षण नाही, हे कडू आहे पण असंच आहे. बहुतेकदा रस्ता "धोकादायक इमारत" च्या नोटिशीतून जातो, मुंबईत कलम ३५४ आणि बाकी महापालिकांत कलम २६४. लेखी कळवा की या वास्तूचा प्रस्ताव अमुक तारखेला दाखल आहे, हेरिटेज सेल आणि बांधकाम विभाग दोघांनाही, आणि जुन्या लाकडी-चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या इंजिनियरकडून दुसरा रिपोर्ट मागा. फक्त आरसीसी बघितलेला माणूस लाकडी वाडा बघून घाबरतो आणि पाडा म्हणून लिहितो, त्यात त्याचा वाईट हेतू असतोच असं नाही. पण इमारत खरंच डोक्यावर पडायला आली असेल तर आधी माणसं बाहेर काढा, मग हेरिटेज. आणि वाचणार नसेलच तर पाडायच्या आधी दोन दिवस मागून सगळं मोजून, फोटो काढून घ्या.

कन्सल्टंट लावायलाच हवा का?

पैसे असतील तर कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट घ्या, फरक पडतो. नसतील तर जवळच्या आर्किटेक्चर कॉलेजात जा. विद्यार्थ्यांना मोजमापाच्या प्रोजेक्टसाठी जुनी घरं हवीच असतात, आणि कदाचित तुमचाच वाडा दहा वर्षांपूर्वी कुणीतरी मोजून गेलेलं असेल आणि ती शीट्स लायब्ररीत धूळ खात असतील. आमच्या बाबतीत तसंच झालं. त्यांना चहा-पोहे द्या आणि जिन्याची तिसरी पायरी कच्ची आहे ते आधी सांगा.

फाईल तयार झाली. आता?

तीन प्रती, पानांना नंबर, सोबत पेनड्राइव्ह. स्पायरल करू नका, स्कॅन करताना ते सोडवतात आणि पानं हरवतात, साधी दोऱ्याने बांधलेली फाईल बरी. आवकमध्ये द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा" म्हणाले तर बाहेर बाकावर बसा.